पाळीवरची राखण

दिवाळी जवळ आली की गोंदिया जिल्ह्यात हलके धान कापून होत आलेले असते आणि भारी धान बांध्यांमध्ये पिवळे पडू लागलेले असते. याच दिवसांत शेतकऱ्याला आणखी एक काम असते आणि ते शेतात नसते. आधारभूत किमतीने धान द्यायचे तर आधी ऑनलाइन नोंदणी लागते. सातबारा, आधार कार्ड, बँकेचे पासबुक पिशवीत घालून माणूस केंद्रावर जातो, रांगेत उभा राहतो आणि नंबर लागला की पलीकडून ऐकतो, "सर्वर डाऊन हाये. उद्या येजा."

रेशन दुकानासमोरही हेच वाक्य ऐकू येते. सेवा केंद्रात दाखला काढताना, बँकेच्या शाखेत पैसे उचलतानाही तेच. 'लाइट गेली' आणि 'गाडी लेट आहे' या वाक्यांच्या पंक्तीला हे तिसरे वाक्य गेल्या पंधरा-वीस वर्षांत येऊन बसले. फरक इतकाच, की लाइट गेली तर शेजारच्या घरात डोकावून ती आपल्याच घरची गेली की गावाची, हे कळते. गाडी लेट असेल तर गोंदिया जंक्शनवर कोणती गाडी किती मिनिटे उशिरा आहे, ते भोंग्यावरून सांगतात. सर्वर डाऊन असला तर कोणता, कुठला, कधीपासून, कधीपर्यंत, यातले काहीच कळत नाही. सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नसते.

या न कळण्याची किंमत असते. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. समजा, गावातला व्यापारी दोनशे रुपये कमी देतो. ४० क्विंटल धान असलेला शेतकरी उधारी, मजुरी आणि सणाचा खर्च यांमुळे चार दिवस थांबू शकला नाही, तर त्याचे ८,००० रुपये गेले. त्याला 'दोन तासांत सुरू होईल' असे खात्रीने सांगणारे कोणी असते, तर कदाचित तो थांबला असता.

संगणकयंत्रणांच्या जगात हे सांगू शकणारी एक स्वतंत्र विद्या आहे. इंग्रजीत तिला मॉनिटरिंग म्हणतात. आपण तिला निगराणी किंवा साध्या शब्दात राखण म्हणू. मोठ्या बँका, शेअर बाजार, विमान कंपन्या तिच्यावर बराच पैसा खर्च करतात. तो का करतात, त्यातून काय मिळते आणि इतके करूनही यंत्रणा का कोसळतात, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

दोन शब्दांआड काय असते?

रेशन दुकानातला एक व्यवहार घेऊ. म्हातारी ई-पॉस यंत्रावर बोट ठेवते. यंत्राला बॅटरी लागते, बॅटरीला वीज लागते. यंत्रातले सिमकार्ड टॉवर शोधते. टॉवरपासून निरोप केबलने पुढे जातो. शिधापत्रिकेची माहिती राज्याच्या सर्वरवर असते, तिथे तो पोचतो. बोटाचा ठसा तपासण्यासाठी तिथून आधारच्या यंत्रणेकडे विचारणा होते. 'जुळले' किंवा 'जुळले नाही' हे उत्तर त्याच वाटेने परत येते. सगळे नीट असेल तर काही सेकंदांत पावती निघते.

या साखळीत निदान सहा-सात कड्या आहेत. प्रत्येक कडीचा मालक वेगळा आहे: दुकानदार, वीज कंपनी, मोबाइल कंपनी, यंत्र पुरवणारा ठेकेदार, राज्य शासन, आधारचे प्राधिकरण. कोणतीही कडी तुटली तरी दुकानातल्या पडद्यावर दिसणारा परिणाम जवळजवळ सारखाच, आणि त्याला दिलेले नावही एकच, सर्वर डाऊन. सालेकसा किंवा देवरीच्या जंगलपट्ट्यातल्या गावात टॉवरचा सिग्नल नसतो, तेव्हा सर्वर बिचारा धडधाकट असतो. तरी दोष त्याच्या माथी जातो.

खुद्द मध्यवर्ती यंत्रणाही थकते. २०२४ च्या पावसाळ्यात राज्यात ई-पॉस यंत्रणा तांत्रिक अडचणींनी इतकी मंदावली, की शासनाला काही काळ ऑफलाइन धान्यवाटपाची मुभा द्यावी लागली. म्हणजे दोष कधी टोकाला असतो, कधी मध्ये, कधी मुळाशी. तो कुठे आहे हे लवकर ओळखणे, ही राखणीची पहिली जबाबदारी.

तलावाची राखण

गोंदिया-भंडाऱ्याच्या माणसाला ही कल्पना नवी वाटू नये. हा तलावांचा मुलूख आहे. गोंड राजवटीत कोहळी समाजाने इथे हजारो तलाव बांधले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. पुढे मालगुजारांच्या ताब्यात आल्यामुळे हे सगळे 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या नावाने ओळखले जाऊ लागले.

तलाव बांधणे हे एकदाचे काम. राखणे हे रोजचे. पावसाळ्यात पाळीवर फिरणाऱ्याला काय पाहायचे ते पक्के ठाऊक असे. पाणी कोणत्या खुणेपर्यंत चढले, सांडव्यात झाडोरा अडकला का, तुडूमाजवळून गळती आहे का, पाळीच्या बाहेरच्या अंगाला ओल दिसते का, खेकड्या-उंदरांनी बिळे केली का. गळती स्वच्छ पाण्याची असेल तर एक अर्थ, गढूळ असेल तर दुसरा, कारण गढूळ पाणी म्हणजे पाळीची माती आतून वाहून चालली आहे. खूण ओलांडली की हाक जाई आणि हाक गेली की कोणी काय करायचे, हे गावात ठरलेले असे.

१९५० च्या कायद्याने मध्य प्रांतातली मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. जुलमाची एक व्यवस्था गेली, हे चांगलेच झाले. पण तिच्याबरोबर तलावाच्या देखभालीची सवयही अनेक गावांत मोडली. तलाव आता गावाचा राहिला नव्हता आणि सरकारचा माणूस रोज पाळीवर येणार नव्हता. गाळ साचत गेला, पाळी खचल्या. ओल दिसत नव्हती असे नाही. दिसलेली ओल कोणाला सांगायची आणि माती कोणी टाकायची, हे ठरलेले नव्हते. ही गोष्ट लक्षात ठेवू, कारण संगणकाच्या राखणीत सर्वांत मोठी अडचण नेमकी हीच आहे.

यंत्राची नाडी

संगणकाची राखण करणारी साधने चार प्रश्न विचारतात. पहिला, जिवंत आहेस का? दुसरा, तुझ्यावर भार किती आहे? तिसरा, तू आपल्या रोजनिशीत काय लिहून ठेवले आहेस? चौथा, या एका ग्राहकाचे काम नेमके कोणत्या टप्प्यावर अडकले?

पहिल्या प्रश्नाचे सर्वांत जुने साधन म्हणजे 'पिंग'. अमेरिकेतल्या माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये हा लहानसा प्रोग्राम लिहिला. पाणबुडीतले सोनार जसे ध्वनी सोडून प्रतिध्वनीची वाट पाहते, तसा हा दूरच्या संगणकाला एक छोटा निरोप पाठवतो आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजतो. १९८८ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांना त्यांची प्रकृती विचारण्याची एक सामाईक भाषा ठरली, ती एसएनएमपी. १९९५ मध्ये टोबी एटिकर यांनी एमआरटीजी हे साधन सर्वांसाठी खुले केले. इंग्लंडमधल्या लेस्टर इथल्या विद्यापीठाची इंटरनेट जोडणी तेव्हा अवघी ६४ किलोबिटची होती. ती किती भरली आहे, याचा आलेख सर्वांना दिसावा, एवढ्या गरजेतून ते जन्मले. १९९९ मध्ये ईथन गॅलस्टॅड यांचे नेटसेंट आले, तेच पुढे नॅगिऑस झाले. लॅटव्हियातून झॅबिक्स आले, २०१२ पासून प्रोमिथियस घडू लागले. यांतली बहुतेक साधने मुक्त आहेत, म्हणजे ती वापरायला परवान्याचे पैसे पडत नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणची एखादी सहकारी बँकसुद्धा ती वापरू शकते.

काम कसे चालते? सर्वरवर एक छोटा प्रोग्राम बसवतात. तो दर मिनिटाला डिस्क किती भरली, स्मृती किती उरली, प्रोसेसर किती राबतो आहे, हे आकडे मध्यवर्ती ठिकाणी पाठवतो. तिथे प्रत्येक आकड्याची खूण ठरलेली असते, तलावाच्या दगडावरच्या खुणेसारखी. डिस्क ८० टक्के भरली की इशारा, ९० टक्के भरली की फोन. डिस्क रोज एक टक्का भरत असेल, तर ८० च्या खुणेवर जागे झालेल्या माणसाच्या हाती वीस दिवस असतात. न पाहणाऱ्याला मात्र एकविसाव्या दिवशी सगळे एकाएकी बंद पडले असे वाटते. संकेतस्थळाच्या सुरक्षा-प्रमाणपत्राचेही तसेच. त्याची मुदत कधी संपणार ते पहिल्या दिवसापासून लिहिलेले असते, तरी जगभर मोठमोठ्या सेवा केवळ ती तारीख विसरल्यामुळे बंद पडल्या आहेत.

राखणीचे मोल

व्यापाऱ्याच्या भाषेत याचा हिशेब असा. एखादी सेवा वर्षातून ९९ टक्के वेळ चालू असते, हे ऐकायला छान वाटते. वर्षाचे तास ८,७६०. त्यांतला एक टक्का म्हणजे ८७ तासांहून अधिक, साडेतीन दिवसांपेक्षा जास्त. ९९.९ टक्के म्हणजे पावणेनऊ तास. ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे ५३ मिनिटे. प्रत्येक जादा नवासाठी खर्च वाढत जातो, म्हणून कोणाला किती नव हवेत, हा व्यवहाराचा प्रश्न आहे.

गोंदियाच्या राइस मिलचे उदाहरण घेऊ. या जिल्ह्याच्या एका अंगाला मध्य प्रदेश, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. तांदळाचा ट्रक बालाघाटला किंवा राजनांदगावला निघाला, की तो व्यापार आंतरराज्य होतो. १ एप्रिल २०१८ पासून अशा व्यापारात ५०,००० रुपयांवरच्या करपात्र मालासाठी ई-वे बिल लागते. मिलमधला संगणक किंवा इंटरनेट बंद असेल, तर भरलेला ट्रक फाटकातच उभा राहतो. चालकाचा दिवस, हमालांची रोजी, पलीकडच्या व्यापाऱ्याचा विश्वास, सगळे त्याच्याबरोबर उभे राहते. अशा मिलला चार नव नकोत. पण जोडणी तुटली की पाच मिनिटांत मालकाच्या फोनवर निरोप यावा आणि दुसऱ्या कंपनीची जोडणी हाताशी असावी, एवढे पुरेसे आहे. त्याला फारसा खर्च नाही.

मोठ्या संस्थांत हीच गोष्ट मोठ्या आकड्यांत घडते. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईचा राष्ट्रीय शेअर बाजार सकाळी ११.४० ला थांबला. दूरसंचार जोडण्यांतल्या बिघाडाने सुरुवात झाली आणि जोखीम-नियंत्रणाची यंत्रणा अडली. व्यवहार पुन्हा सुरू झाले दुपारी ३.४५ ला, नेहमीची वेळ संपल्यावर, आणि त्या दिवशी बाजार पाचपर्यंत चालवावा लागला. एवढ्या संस्थेकडे राखणीची साधने नव्हती, असे कोण म्हणेल? पर्यायी केंद्रही होते. प्रश्न होता तो पर्यायी केंद्राकडे जाण्याचा निर्णय केव्हा घ्यायचा याचा. पुढच्याच महिन्यात सेबीने नियम घातला, की महत्त्वाची यंत्रणा बिघडल्यास ३० मिनिटांच्या आत 'आपत्ती' जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रातून काम सुरू करायचे. खुणेला निर्णयाची जोड मिळाली.

बँकांनाही धडा मिळाला. एचडीएफसी बँकेच्या डिजिटल सेवा दोन वर्षांत अनेकदा बंद पडल्या, तेव्हा डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने तिला नवे डिजिटल उपक्रम आणि नवी क्रेडिट कार्डे थांबवायला सांगितले. कार्डांवरचे बंधन ऑगस्ट २०२१ मध्ये उठले, उरलेले मार्च २०२२ मध्ये. बंद पडलेल्या तासांचा तोटा एकवेळ भरून निघतो. वाढीचे महिने गेले ते गेले.

जास्त पाहण्याचे दुखणे

इथपर्यंत वाचून वाटेल, की मग प्रत्येक गोष्टीवर नजर ठेवली की झाले. तसे होत नाही.

पहिले दुखणे हाकाटीचे. खुणा फार खाली ठेवल्या, तर दिवसातून शेकडो इशारे येतात. बहुतेक निरुपद्रवी असतात. राखणदार आधी ते वाचतो, मग चाळतो, मग फोन उलटा ठेवून झोपतो. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण मुलांना खोटे बोलू नये म्हणून सांगतो. खरे तर ती इशाऱ्यांची संख्या आवरावी म्हणूनही सांगता येईल. जाणकारांचा नियम साधा आहे: ज्या इशाऱ्यावर कोणाला काही करायचे नाही, तो इशारा काढून टाका.

दुसरे दुखणे चुकीच्या जागी पाहण्याचे. मुंबईतल्या नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर सर्वरचा दिवा हिरवा असतो आणि अर्जुनी मोरगावच्या दुकानात मात्र रांग खोळंबलेली असते. दोन्ही एकाच वेळी खरे. पाणी तलावात आहे, शेवटच्या बांधीत पोचत नाही. म्हणून यंत्र जिवंत आहे का, यापेक्षा टोकाच्या माणसाचे काम होते आहे का, हे मोजावे लागते. सरासरीही फसवी असते. महिनाभराची सरासरी उत्तम, पण बंद पडलेले तास धान्य वाटपाच्या गर्दीच्या दिवसांतले असतील, तर त्या सरासरीला काय चाटायचे?

तिसरे, राखणदारच बुडण्याचे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास जगभर बंद होते. जाळ्याच्या जोडणीत बिघाड झाला आणि तो शोधण्याची कंपनीची अंतर्गत साधनेही त्याच जाळ्यावर असल्यामुळे तीही बंद पडली. पाळीवरच्या राखणदाराची झोपडी तलावाच्या पोटात बांधू नये, हे गावात कोणाला शिकवावे लागले नव्हते.

चौथे, राखणच भार होण्याचे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-राखणीच्या प्रोग्रामचा एक सदोष बदल जगभर गेला आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. आपल्याकडे काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. चोर पकडायला ठेवलेल्या पहारेकऱ्यानेच दार अडवले. त्याहून बोलके उदाहरण यूपीआयचे. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआयचे व्यवहार काही तास अडखळले. एनपीसीआयच्या तपासात आढळले, की काही बँकांच्या यंत्रणा 'तो व्यवहार पूर्ण झाला का?' अशी विचारणा पुन्हा पुन्हा करत होत्या आणि त्या विचारणांच्या लोंढ्याखालीच यंत्रणा दबली. त्यानंतर अशी विचारणा किती वेळाने आणि किती वेळा करायची, यावर मर्यादा आल्या. १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवरून दिवसात ५० वेळाच शिल्लक पाहता येते. आजाऱ्याला दर मिनिटाला 'कसे वाटते' म्हणून विचारत राहिले, तर त्याला झोप लागत नाही.

पाचवे दुखणे माणसांचे. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार संस्थांना सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रणांच्या रोजनिशा १८० दिवस जपाव्या लागतात. कागदावर हे योग्यच आहे. पण तालुक्याच्या ठिकाणच्या लहान संस्थेत संगणकाचे सगळे पाहणारा एकच तरुण असतो. तोच प्रिंटर दुरुस्त करतो, तोच पासवर्ड बदलून देतो. रात्री दोनचा इशारा त्याच्याच फोनवर येतो, आणि केबल दुसऱ्याची, सर्वर तिसऱ्याचा असल्यामुळे त्याच्या हातात काहीच नसते. मामा तलावाच्या पाळीवर ओल पाहून परतणाऱ्या माणसासारखी त्याची स्थिती होते.

नकार कोणाचा?

आता पुन्हा रेशन दुकानात येऊ. म्हातारीने बोट ठेवले, यंत्राने नाकारले. दुकानदार म्हणतो, "माय, तुवा ठसा नाही येत." आयुष्यभर रोवणी-कापणी करून तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, हे खरे. पण नकार खरोखर ठशाचा होता का? आधारच्या यंत्रणेत ठसा न जुळल्याचा संकेत-अंक ३०० आहे. जोडणी तुटली, सर्वरकडून वेळेत उत्तर आले नाही, यांचे संकेत वेगळे. म्हणजे फरक यंत्राला कळलेला असतो, नोंदलेलाही असतो. तो म्हातारीपर्यंत पोचत नाही. ती मान खाली घालते आणि कोरडे हात लुगड्याला पुसत घरी जाते.

यूपीआयच्या बाबतीत हा फरक जाहीरपणे पाळला जातो. चुकीचा पिन, अपुरी शिल्लक अशा कारणांनी फसलेले व्यवहार एका रकान्यात आणि बँकेच्या किंवा जाळ्याच्या बिघाडाने फसलेले दुसऱ्या रकान्यात, असे बँकवार आकडे एनपीसीआय दर महिन्याला प्रसिद्ध करते. ग्राहकाची चूक आणि यंत्रणेची चूक वेगळी मोजली गेली, की कोणत्या बँकेला सुधारायला हवे ते आपोआप उघड होते. विजेच्या जाळ्याचेही असेच आहे. तिरोड्याच्या ३,३०० मेगावॅटच्या प्रकल्पातून वीज ज्या जाळ्यात जाते, त्याची वारंवारता ५० हर्ट्झच्या किती जवळ आहे, हे संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

रेशन, धान नोंदणी, दाखले यांच्याबाबत असा तालुकावार आणि दिवसवार फलक शक्य आहे. त्यासाठी नवे तंत्र शोधायचे नाही. साधने मुक्त आहेत, नोंदी आधीच होत असतात. केंद्राच्या भिंतीवर एवढेच दिसावे: कोणती कडी तुटली, कधी तुटली, ती कोणाची, आणि केव्हा जोडली जाईल. नोंदणीच्या मुदतीत यंत्रणा किती तास बंद होती, हे त्या फलकावरच लिहिलेले असेल, तर मुदतवाढीसाठी शेतकऱ्याला निवेदन घेऊन हिंडावे लागणार नाही. बंद पडलेले तास मोजून तेवढे वाढवून देता येतील.

यंत्रणा बंद पडणारच; पाळी फुटायच्या, तशी. पावसाळ्याच्या रात्री कंदील घेऊन पाळीवर जाणारा माणूस पाऊस थांबवू शकत नव्हता. पण तो परत आल्यावर गावाला निदान हे सांगत असे, की पाणी कुठवर आले आहे. केंद्रावरच्या रांगेतल्या माणसाला आज तेवढेही कोणी सांगत नाही.